वहान नको, कुंकू लाव

आये,

तुला वाचता येत नव्हतं, आनि मला लिवता येतं ते चौथीपुरतं. म्हंजे हा कागद तुझ्या काय कामाचा नाय. तरी लिवते, कारन कागद समोर हाय आनि ज्याला लिवायचं त्याला सगळं लिववत नाय. कागद धाकल्यानं दिलेत. वहीची आठ-धा पानं, एक पाकीट, पाकिटावर त्याचा मुंबैचा पत्ता त्याच्याच हातचा, तिकीटसुद्धा चिकटवून ठेवलंय, म्हंजे मला निमित्त नको. त्याला माझ्याकडनं जबाब पायजे, आनि सवाल सगळे तुझ्याबद्दलचे हायत. सासू शेजारी पापड लाटायला गेलीय, हे गिरनीत भात भरडतायत, पोर खाली गोधडीवर झोपलीय. तीन वर्सांची हाय. ती झोपली की मी तिच्या हाताकडं बघत बसते. आज बघता बघता लिवते.

सोळा पावसाळे झाले तुला जाऊन. मी तवा धा वर्सांची, धाकला सहाचा. तुझा तो धाकला, जो दारातल्या कोंबड्याला भिऊन माझ्या पाठी लपायचा, तो एमेस्सी झालाय. पोलादपूरच्या मास्तरांनी त्याला धरला, शिष्यवृत्तीला बसवला, मग बाबांनी मुंबैला आपल्या खोलीवर नेला, आनि तो शिकत गेला. त्यात तुझं काय नाय. माझं एवढंच की मला चौथीतनं काढली, कारन तू गेलीस आनि त्याला भाकरी घालायला घरात बाईमानूस पायजे व्हतं. काकी बोलली, पोरीनं शिकून काय कलेक्टर व्हायचंय. तवापासून माझ्या हातात पोळपाट आनि त्याच्या हातात पाटी. मला त्याचा राग नाय येत. राग मला तुझाच येतो, आनि तू तर हायस कुठं.

वैशाखात तो आला. पडवीत बसला, पिशवीतनं कागदांचा गठ्ठा काढला. सासू चिंच फोडत बसली व्हती, तिनं इचारलं, "आता आनि काय शिकायचं रायलंय रे?"

"डॉक्टर व्हायचं, मावशी."

"बरं झालं बाबा. ये, पह्यला माझा गुडघा बघ."

"तसला डॉक्टर नाय. मेंदूचा अभ्यास. मेंदू कसा चालतो, शिरांतनं काय धावतं, ते. एका साहेबाच्या हाताखाली पाच वर्सं काम करायचं, मग नावामागं डॉक्टर लागतं."

"म्हंजे औषध नाय देनार?"

"नाय."

"सुई तरी टोचशील?"

"टोचीन की. बेडकाला."

सासूनं कोयता खाली ठेवला. "अगो, तुझा भाऊस बेडकांचा डाक्टर व्हतोय. आमच्या विहिरीत लय हायत बघ, घेऊन जा. सगळे आजारीच हायत, पावसात रातभर कन्हतात." हे पन हसले, धाकला पन हसला. मी पन हसले. बरं चाललं व्हतं, आये.

मग तो मला अर्ज कसा करतात ते सांगायला लागला. वर्सभर तेच करत व्हता. परीक्षेचे मार्क लागतात. दोन मास्तरांची पत्रं लागतात, ती बंद पाकिटात, आपल्याबद्दल काय लिवलंय ते आपन वाचायचं नाय. आनि एक पान आपलं आपन लिवायचं, की मला हाच अभ्यास कशापायी करायचा. ते पान त्यानं धा येळा लिवलं नि धा येळा फाडलं, बोलला. मग दिवाळीला इथं आला व्हता तवा महाडला टायपिंगच्या क्लासात जाऊन इंग्रजीत टाईप करून घेतलं. पाच ठिकानी धाडलं. तिघांनी नाय म्हनून कळवलं. नकाराचं पाकीट हातात घेतलं की कळतं म्हने, पातळ लागतं. दोघांनी हो म्हटलं. एक साहेब मुंबैतलाच, बेडकाच्या शिरांवर काम करतो. दुसरा पार विलायतेत. तो मानसांवर काम करतो.

"कसली मानसं?" ह्यांनी इचारलं.

"फेफरं येनारी. त्यांच्या डोक्याला तारा लावतात, दुखत नाय, नुसत्या चिकटवतात. मशीन कागदावर रेघा वढत बसतं. फेफरं आलं की रेघा कुठं उसळतात ते बघायचं. म्हंजे मेंदूत आग कुठं लागते ते कळतं. आता त्याच्यावर गोळ्या पन हायत. आपल्या मुंबैत मोठ्या हास्पिटलात देतात. रोज घ्यायच्या, मानूस पडत नाय. कितीतरी मानसं चुलीत पडून मरायची वाचलीत."

आये, तो शब्द कुनी आमच्या पडवीत असा उघडा टाकला नव्हता. मी तांदूळ पाखडत व्हते. सूप माझ्या हातात तसंच रायलं.

मी कायतरी बोलायचं म्हनून बोलले, "मग मोठं कॉलेज कुठलं हाय ते बघ नि जा." तो बोलला, "कॉलेज नाय बघायचं बाय, साहेब बघायचा. पाच वर्सं त्याच्या हाताखाली काढायची. तो चांगला तर सगळं चांगलं."

"म्हंजे पोरीला स्थळ बघतात तसं."

"अगदी तसं. घर मोठं असून काय करायचं, सासू कशी हाय ते बघायला लागतं."

"मी हितंच हाय," सासू बोलली.

"तुमच्यासारखी मिळाली तर आजच बोहल्यावर चढतो, मावशी."

त्यानं खरंच स्थळासारखी चौकशी केली व्हती. दोन्हीकडं आधीपासून काम करनाऱ्या पोरांना पत्रं लिवली. साहेब रोज भेटतो काय, चुकलं तर कसा बोलतो, पोरानं केलेलं काम पोराच्या नावावर लावतो का आपल्या. मुंबैचा साहेब गरीब गाय, पन वर्सातनं दोनदा तोंड दाखवतो, पोरं चाचपडत रायतात. विलायतेचा तापट, रोज सकाळी टेबलाशी येऊन उभा रायतो, सगळ्यांदेखत झाडतो, पन काम ज्याचं त्याच्या नावावर. मधनंच सोडून गेलेला एक पोरगा व्हता, धाकल्यानं त्याचा पत्ता काढून त्याला पन लिवलं. "सोडून गेलेल्याला पह्यला इचारायचं बाय. नांदनारे कधी खरं नाय सांगत."

मला हसू आलं. माझ्या येळला कुनी कुनाला इचारलं नाय. ह्यांची मानसं मला बघायला आली तवा एवढंच इचारलं, पोरीची आयेस कशानं गेली? काका देव्हाऱ्याकडं हात जोडून बोलला, देवीची व्हती, देवीनं नेली. सासूनं तिथंच पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. सुपारी फुटली. माझं लगीन तुझ्या देवीवर उभं हाय, आये. तिच्यावरच माझं छप्पर हाय.

मग त्यानं ते आपल्या हातचं पान काढलं, आनि मराठीत मला वाचून दाखवलं. त्यात तू हायस. कॉलेजात त्याला मेलेल्या बेडकाच्या पायाला इजेची तार लावून दाखवली. तार लागली की पाय झाडायचा, काढली की गप. बाकीची पोरं हसली. तो बाहेर जाऊन बसला. त्याला आपल्या सारवलेल्या जमिनीवर आपटनारी तुझी टाच दिसली म्हने. त्यानं लिवलंय की माझ्या आयेच्या अंगात देवी येते असं सगळा गाव बोलायचा, तिला नारळ वाहायचा, आनि मला त्या दिवसापासनं वाटतंय की ती देवी नव्हती. ते पान वाचून विलायतेच्या साहेबानं त्याला कळवलं की ये, पन आधी मला आयेचं सगळं लिवून धाड. बघितलेलं कोन असेल त्याला इचार. सवाल त्यानंच धाडलेत, आठ. धाकल्यानं मराठीत लिवून आनले.

"बाबा मुंबैला असायचे, जवळनं बघितलेली तू एकटीच हायस, बाय. मी लहान, मला नुसती गर्दी आठवते नि खोबरं. तू सांग. फेफरं व्हतं ना? तसं असेल तर मी तिकडं जातो, मग मला ठावं हाय मी कशापायी जातोय. देवीच असेल तर हितं बेडूक बरे."

असं पडवीत इचारलं त्यानं. सगळ्यांदेखत. एवढा शिकला पन सासर म्हंजे काय ते त्याला कुठलं कळायला. सासूचा कोयता थांबला. चिंचोका फुटायचा आवाज थांबला म्हनून मला कळलं. पोर माझ्या मांडीला टेकून व्हती.

मी बोलले, "देवीच व्हती रे. फेफरं कसलं. देवीच."

कोयता परत चालू झाला. धाकल्यानं माझ्याकडं बघितलं, मग सवालांचा कागद घडी करून माझ्या हातात दिला. जाताना एसटीशी बोलला, "पंधरा दिवसांत दोघांनाही कळवायला लागतंय. आठवलं काय तर लिव." धा दिवस झाले त्याला.

आता तुझं तुला सांगते. तुला ठावं हाय सगळं, पन तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं तू कवा बघितलं नायस.

पह्यली तू पडलीस ती मला ठावं नाय, मी पोटात व्हते का काय. आजी सांगायची. आजी तुला फेफरेकरीन बोलायची, भाकरी दुसऱ्या ताटात द्यायची, बाबांना बोलायची हिला हिच्या माहेरी घाल, दुसरी बघू. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग एकदा देवीच्या जागराला, देवळात, आरती चालू असताना तू पडलीस. ढोल वाजत व्हते. कोनतरी बोललं, अंगात आलं, अंगात आलं. बाया पुढं झाल्या, तुझ्या कपाळाला मळवट भरला, आनि तू शुद्धीवर आलीस तवा सगळा गाव तुझ्या पाया पडत व्हता. आजी पन. त्या दिवसापासनं तुला बसायला पाट. तुझं ताट आमच्याबरोबर. माहेरी धाडायचं कुनी नाव नाय काढलं. तू काय करनार व्हतीस? मी तुझ्या जाग्यावर असते तर मी पन पाटावरच बसले असते. हे मी मानते, एवढंच मानते. पुढचं नाय.

पुढचं असं की देवी काय जागर बघून येत नाय. ती विहिरीवर येते, शेतात येते, बाजारात येते. फेफऱ्याच्या मानसाला लोकं काय करतात? वहान हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात. आनि देवी आली तर हळद-कुंकू लावतात, धूप दाखवतात. मानूस तेच, पडलंय तसंच, तोंडाला फेस तोच. वहान लागली तर फेफरं, कुंकू लागलं तर देवी. कुनाचा हात आधी पोचतो तेवढाच काय तो फरक. हे तू वळखलंस आये, आनि त्याच्यासाठी तू मला ठेवलीस.

मला महाडच्या बाजारातनं तू लाकडी करंडा आनलास. लाल, वर पिवळी नक्षी, झाकन फिरवून लावायचं. मी सात वर्सांची. माझ्यासाठी तू कवा काय आनलं नव्हतंस. मी दिसभर तो पोटाशी धरून फिरले. संध्याकाळी तू मला चुलीपाशी बसवून सांगितलंस, "हा कमरेला बांधून ठेवायचा. मी पडले की कुनी यायच्या आत कुंकू लावायचं. ह्या भिवईपासनं त्या भिवईपर्यंत. वहान नको, कुंकू लाव. कळलं गो?" मला वाटलेलं बक्षीस. ते काम व्हतं.

आनि मी केलं. दोन-तीन वर्सं केलं. तू मला आधी कळवायचीस, तुझं तुला कळायचं. तू हात थांबवून बोलायचीस, "दूध करपतंय गो." घरात दूध नसायचं, म्हस आटलेली असायची, तरी तू बोलायचीस दूध करपतंय. की मी करंड्याचं झाकन फिरवायला लागायची. मग तुझा डावा हात उडायचा, पह्यला डावाच, मग मान डावीकडं, मग तू खाली. मी तुझ्या छातीवर बसून कुंकू लावायची. माझं बोट तुझ्या दातांवर आपटायचं. लुगडं ओलं झालेलं असायचं, ते मी कळशीतलं पानी सांडून लपवायची. हे कुनी शिकवलं नव्हतं, हे माझं मी काढलं.

एकदाच चुकले. पोलादपूरच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानापुढं. मी जिलबीच्या कढईकडं बघत रायले. तू दूध करपतंय बोललीस ते मला जिलबीच्या वासात ऐकू आलं नाय. मी वळले तवा तू खाली, आनि एका घाटावरच्या बाईनं तिच्या पायातली वहान काढून तुझ्या नाकाला लावली व्हती. चांगली बाई बिचारी. तुझं डोकं तिनं मांडीवर घेतलं व्हतं. चार मानसं बघत व्हती. तू शुद्धीवर आलीस, त्या बाईला काय नाय बोललीस. घरची वाट लागली, चढनीला आलो, आजूबाजूला कुनी नाय बघून तू थांबलीस आनि माझ्या थोबाडीत दिलीस. "वहान का लावू दिलीस? आता मला हाकलली तर तुझी आजी तुला घालील काय खायला?" मी जिलबीचं नाय सांगितलं. आजवर मी जिलबी खात नाय. सासूला वाटतं नवस हाय.

ती बाई माझ्या डोळ्यांपुढनं जात नाय. तिनं काय वेगळं केलं? खाली बसली, डोकं मांडीवर घेतलं. आपन कवा असं तुझं डोकं मांडीवर घेतलंच नाय आये. आपन कपाळच बघत रायलो.

तू गेलीस तो दिस राब भाजायचा, पेरनीआधी शेतात पालापाचोळा जाळतात तो. सगळ्या रानात धूर, घरात धूर, डोळे चुरचुरतात तसा. बापेमानसं सगळी शेतावर, धाकला त्यांच्या पाठनं गेलेला. तू भाकऱ्या भाजत व्हतीस, मी पीठ मळत व्हते. तू बोललीस, दूध करपतंय. मी बोलले, "राबाचा धूर हाय गो." मला कटाळा आला व्हता. धा वर्सांच्या पोरीला कटाळा येतो. मी हात धुवायला पन उठले नाय. मग तू चुलीवर गेलीस. शेजारची बाई विस्तव न्यायला दारात आली व्हती, ती वरडली. मी पानी वतलं. बापे येईपर्यंत सगळं झालं व्हतं. तीन दिस तुला केळीच्या पानांवर निजवली. तू काय बोलली नायस, माझ्याकडं बघत पन नव्हतीस. लोकं येत व्हती, दारातनं हात जोडून जात व्हती. देवीनं भोग घेतला, बोलत व्हती. डाक्टरला कुनी बोलावला नाय. देवीला डाक्टर कशाला.

आनि परवा काय झालं ते ऐक.

सकाळची येळ. सासू दारात वळचनीखाली फनसाच्या आठळ्या सोलत व्हती. पोर तिच्यापाशी, एक एक आठळी टोपलीत टाकत व्हती नि मोजत व्हती, एक, दोन, पाच. मधनंच गप झाली. आधी पन गप व्हायची ती, डोळे एका जागी लावून, मी म्हनायची इचार करतेय. ह्या येळेला आठळी हातातनं पडली. आनि तिचा डावा हात उडाला. वाईचच. कुनी गुदगुल्या केल्यासारखा. मग मान.

आये, माझ्यात तू कसली मशीन बसवून गेलीस? मी चुलीपाशी व्हते, ती दारात. मी तिला उचलायला पायजे व्हती. मी फळीवरचा करंडा घेतला. तोच, लाल, नक्षी आता पुसलीय. मी पोरीच्या कपाळाला ह्या भिवईपासनं त्या भिवईपर्यंत कुंकू लावलं आनि मग मला कळलं मी काय केलं ते. तोवर सासूनं हात जोडले व्हते. तिच्या डोळ्यांत पानी. "नातीत आली गो. तुझ्या आयेसची देवी नातीत आली. माझ्या घरात जागा केली." उठून तिनं भिंतीलगतच्या वहाना उचलल्या नि बाहेर अंगनात फेकल्या. "देवीला वहान चालत नाय. हितनं पुढं आत आनायच्या नाय." शेजारी जाऊन सांगून आली. येत्या मंगळवारी वटी भरायचीय. पोरीला पाटावर बसवायचीय. तीन वर्सांची पोर, आये. तिला पाच पन नीट मोजता येत नाय.

पोर उठली नि बोलली, "भूक." मी तिचं कपाळ पुसायला गेले तर सासू बोलली, पुसू नको.

तवापासनं मी चुलीपुढं फळी आडवी लावते. ती सासू उचलते, मी परत लावते. विहिरीवर नेताना तिला पाठीला बांधते, एवढी मोठी घोडी पाठीला काय बांधतेस, बाया हसतात. हसू देत. हे कुनाला सांगू? ह्यांना सांगितलं तर हे आयेसला सांगनार. फेफरं हाय असं तोंडातनं काढलं तर सासू इचारनार, मग तुझ्या आयेसला काय व्हतं? मग काका खोटा, मी खोटी, लगीन खोटं. पोरीला आनि मला धाडतील, पन कुठं धाडतील? माहेर म्हंजे काकीची पडवी. आनि गप बसले तर मंगळवारी पोर पाटावर बसते. एकदा पाटावर बसली की तिला गोळी कोन देनार? देवीला गोळी देतात काय? आनि एक दिस घरात कुनी नसताना तिला चूल बोलावनार.

आनि खरं लिवलं तर धाकला विलायतेला जानार. पाच वर्सं. त्याच्याशिवाय माझ्याकडनं बोलनारं कोन हाय? बेडकांपाशी रायला तर मुंबैत तरी रायील, शिमग्याला एसटीनं येईल. हे पन माझ्या मनात व्हतं तवा, देवीच व्हती बोलले तवा. नुसतं सासूचं भ्या नव्हतं.

तू असतीस तर काय सांगितलं असतंस ते मला पाठ हाय. म्हनून तुला इचारत नाय.

आज सकाळी सवालांचा कागद उघडला नि एक एक करून जबाब लिवले. पडायच्या आधी काय बोलायची? दूध करपतंय बोलायची, दूध नसताना. कुठला हात पह्यला? डावा. मान? डावीकडं. किती येळ? अर्धी भाकरी भाजून व्हते तेवढा. कपडे? व्हय. नंतर वळखायची काय? वाईच येळानं, आधी माझं नाव चुकायची. किती दिसांनी? महिन्यातनं दोनदा, पुढं पुढं चारदा. खाली मी माझ्याकडनं लिवलं: "फेफरंच व्हतं. मी खोटं बोलले, सासू व्हती. तू त्या तापट साहेबाकडं जा. पन जायच्या आधी हितं ये, मंगळवारच्या आत ये, माझ्या पोरीला पन हाय. मामानं मुंबै दाखवायला नेली असं सांग आनि तिला त्या हास्पिटलात ने. मी पन येते." पाकीट चिकटवलंय. पोस्टमन यायची येळ झालीय, अंगनात वहानांपाशी उभी राहून त्याच्या हातात देनार, सासू यायच्या आत. पुढचं पुढं.

हा तुझा कागद त्यात नाय घातला. तुझा भाताच्या कनगीत घालून ठेवीन, तळाला. चुलीत नाय टाकनार, तुझं काय पन चुलीत टाकनार नाय.

सात जबाब लिवले. आठवा सवाल मोकळा सोडलाय. त्याला वाटंल बाय विसरली. सवाल असा हाय की शेवटच्या येळेला ती पडली तवा जवळच्या मानसानं पह्यलं काय केलं? त्याला मी हे लिवू शकत नाय, तो विलायतेच्या साहेबाला टाईप करून धाडंल. तुला सांगते, तुला तर ठावंच असंल, तुझे डोळे उघडे व्हते. पान्याची कळशी माझ्या उजव्या हाताशी भरलेली व्हती. पन दारात ती शेजारीन विस्तवाला आलेली, आनि तिच्या पायात वहान व्हती. मी आधी करंडा उघडला. झाकन लवकर फिरेना. पह्यलं कुंकू लावलं, आये. मग पानी वतलं.